सदर थांबा अस्तित्वात आहे काय?

"अहो, तुमच्या खात्याला विचारा ना, आमचा थांबा कुठे गेला म्हणून," माईंनी दारातच चपला काढत म्हटलं आणि त्या भिंतीला धरून खुर्चीपर्यंत आल्या.

अप्पा पेपर वाचत होते. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "अगं, आमची शाखा विचारत नाही. आमची शाखा उत्तर देते."

यात खोटं काहीच नव्हतं. परिवहन खात्याच्या प्रश्नोत्तर शाखेत अप्पांनी सव्वीस वर्षं काढली होती. अधिवेशन आलं की आमदार सभागृहात उठून विचारायचे, अमुक मार्गावरच्या बस वेळेवर सुटत नाहीत, हे खरे आहे काय? मग मंत्री उठून सांगायचे, हे खरे नाही. ते 'हे खरे नाही' अप्पांच्या टेबलावर जन्माला यायचं. सात मंत्री आले नि गेले. त्यांतले दोघे तर आधी आमदार म्हणून 'हे खरे आहे काय' विचारून घसा बसवून घेतलेले होते. मंत्री झाल्यावर त्यांनीही अप्पांच्याच हातचं 'हे खरे नाही' निमूटपणे वाचलं. वर्षातून एखाद्या वेळी, अगदीच गळ्याशी आलं तर अप्पा जड अंतःकरणाने 'अंशतः खरे आहे' असं लिहीत. 'माहिती घेण्यात येत आहे' हे आजारपणातल्या पेजेसारखं, दुसरं काही पचणार नसेल तेव्हाचं. आणि 'प्रश्न उद्भवत नाही' हे तर त्यांचं लाडकं वाक्य. ते घरीही वापरत. मेहुणा चार दिवस राहायला येऊ का म्हणाला, तेव्हा त्यांनी फोनवर हेच उत्तर दिलं होतं. मेहुण्याने ते होकारार्थी घेतलं आणि तो आठ दिवस राहिला, ही गोष्ट वेगळी.

तर, थांबा. सत्तावीस नंबरच्या बसचा थांबा अप्पांच्या इमारतीसमोर, इस्त्रीवाल्याच्या दुकानाला लागून होता. दोन वर्षांपूर्वी पाण्याची पाइपलाइन टाकायला रस्ता खणला, तेव्हा खांब उपटून इस्त्रीवाल्याच्या भिंतीला टेकवून ठेवला आणि बस 'तात्पुरती' चौकापलीकडे शाळेच्या फाटकाशी थांबायला लागली. पाइप पडला, खड्डा बुजला, वर डांबर आलं. खांब मात्र भिंतीला टेकलेलाच राहिला. इस्त्रीवाल्याने काही दिवस वाट बघितली आणि मग त्याला दोरी बांधून कपडे वाळत घालायला सुरुवात केली. त्याचं तरी काय चुकलं?

माई आठवड्यातून तीन दिवस, याच बसने, गावाच्या दुसऱ्या टोकाला मूकबधिर मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवायला जात. पगार नव्हता, पण रजाही त्या कधी घेत नसत. गुडघे दुखायला लागल्यापासून चौकापलीकडचा थांबा त्यांना परगावी असल्यासारखा वाटायला लागला होता.

"बरं, एक पत्र टाकतो," अप्पा शेवटी म्हणाले. खात्यातल्याच माणसाने खात्याला पत्र टाकणं म्हणजे आपल्याच घराची बेल वाजवून बाहेर उभं राहणं. पण टाकलं.

आगाराने उत्तर दिलं की, थांबे विभागीय कार्यालयाच्या अखत्यारीत येतात. विभागीय कार्यालयाने कळवलं की, खांब आमचा असला तरी जमीन रस्ते खात्याची आहे. रस्ते खात्याने लिहिलं की, जमीन आमची, पण खड्डा पाणी खात्याचा होता. पाणी खात्याने अतिशय सौजन्याने कळवलं की, खड्डा बुजवला असल्याने आता तो अस्तित्वात नाही, सबब त्याबाबत पत्रव्यवहार करता येत नाही. हे शेवटचं पत्र अप्पांनी दोनदा वाचलं. राग यायला हवा होता, पण त्यांना आधी कौतुकच वाटलं. कोणीतरी जाणकार माणूस होता तिकडे.

इमारतीत ही बातमी पसरायला एक दिवस लागला. तळमजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाईंचं मत पडलं की, सह्यांची मोहीम काढावी. इस्त्रीवाला म्हणाला, "मी खांब उचलून उभा करू का? पण मग दोरी कुठे बांधू?" आणि वरच्या मजल्यावरचे मोजणीकाका जिना उतरून खाली आले. ते भूमापन खात्यातून निवृत्त झालेले. जगातली कुठलीही अडचण नीट मोजली की निम्मी होते, असा त्यांचा विश्वास होता.

"अप्पा, याला एकच औषध. सभागृहात प्रश्न लावायचा. आपल्या आमदारांशी माझी ओळख आहे. त्यांच्या वडिलांच्या जमिनीची मोजणी मीच केली होती."

"मी सरकारी नोकर आहे, काका. मला हे करता येत नाही."

"तुम्हाला कोण करायला सांगतंय? मी करतो. हा बघा, मसुदासुद्धा आणलाय."

मोजणीकाकांचा मसुदा साडेचार पानी होता. सुरुवात बसच्या शोधापासून होती. अप्पांनी पहिलं पान वाचलं. उत्तम गवयाच्या समोर कोणी बेसूर गावं, तसं झालं. या प्रश्नाला तर शाखेतल्या नव्या कारकुनानेही चहा पिता पिता उत्तर दिलं असतं!

"आणा इकडे," अप्पा म्हणाले. हे म्हणायला नको होतं, हे त्यांना नंतर कळलं.

त्यांनी पेन उघडलं. प्रश्नातून निसटायच्या सगळ्या वाटा त्यांना पाठ होत्या, कारण निम्म्या त्यांनीच पाडल्या होत्या. एकेक वाट ते बुजवत गेले. अर्ध्या तासात प्रश्न तयार झाला: 'बस क्रमांक २७ चा थांबा दोन वर्षांपूर्वी तात्पुरता हलवण्यात आला, हे खरे आहे काय, असल्यास, सदर थांबा आज जमिनीत उभा आहे काय, की केवळ नोंदवहीत उभा आहे, थांब्याचा खांब इस्त्रीच्या दुकानाच्या भिंतीस टेकलेला असून त्यावर कपडे वाळत घातले जातात, हेही खरे आहे काय, नसल्यास, सदर कपडे कोणाचे आहेत?'

शेवटचा भाग मोजणीकाकांचा. तो काढायला ते तयार होईनात. मग काकांनी सगळं आपल्या टपोऱ्या अक्षरात उतरवून घेतलं आणि आमदारांकडे नेऊन दिलं. आमदार म्हणाले, "वा! हे कोणी लिहिलं?" काका म्हणाले, "मीच." आणि तिथून पुढे त्यांना स्वतःलाही तसंच वाटायला लागलं.

दीड महिन्याने अधिवेशन लागलं. एका सोमवारी शाखाप्रमुख मॅडमनी अप्पांना आत बोलावलं. मॅडम वयाने अप्पांपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, बोलायला मोजक्या, आणि फाइलवर सही करताना श्वास रोखून धरणाऱ्या.

"अप्पासाहेब, हा बघा. गुरुवारचा. यादीत तिसरा आलाय, म्हणजे मंत्र्यांना उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागणार." त्यांनी कागद पुढे सरकवला. "कोणी सैतानाने लिहिलाय हो. कुठूनच बाहेर पडता येत नाही. तुम्हीच काय ते करू शकाल."

अप्पांनी कागद हातात घेतला. स्वतःचं पोर दुसऱ्याच्या अंगणात खिडकीची काच फोडताना दिसावं, तसं त्यांना झालं. थोडी भीती आणि आत कुठेतरी, नको तिथे, अभिमान.

"बघतो," ते म्हणाले.

पद्धतीप्रमाणे त्यांनी आगाराचा अहवाल मागवला. तो दुसऱ्या दिवशी आला: 'सदर थांबा अस्तित्वात असून बस तेथे नियमितपणे थांबते. छायाचित्र सोबत जोडले आहे.' छायाचित्रात थांबा खरंच उभा होता. म्हणजे एका माणसाने तो उभा धरला होता. माणूस खांबामागे लपायच्या प्रयत्नात होता, पण खांब बारीक आणि माणूस तसा नव्हता. वरून गेलेल्या दोरीवर एक शर्ट वाळत होता. निळ्या पट्ट्यांचा, डाव्या खिशाला शाईचा डाग पडलेला. अप्पांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. मग हळूच आपल्या डाव्या खिशाकडे बघितलं. तोच शर्ट आज त्यांच्या अंगात होता.

'सदर कपडे कोणाचे आहेत?' या प्रश्नाचं खरं उत्तर माहीत असलेला खात्यात एकच माणूस होता.

तरीही सवय ती सवय. हात आपोआप चालला आणि संध्याकाळपर्यंत मसुदा झाला: हे खरे नाही, प्रश्न उद्भवत नाही, हे खरे नाही, प्रश्न उद्भवत नाही. नुसतं बघितलं तर कवितेसारखं दिसत होतं. मॅडम घरी गेल्या होत्या, म्हणून अप्पांनी तो आपल्या पिशवीत घातला.

घरी मोजणीकाका आधीच येऊन बसले होते. "अप्पा, आपला प्रश्न तिसरा! आमदारांचा फोन होता. आता मंत्री काय उत्तर देणार?"

माई चहा गाळत होत्या. गाळता गाळता म्हणाल्या, "मंत्र्यांचं उत्तर लिहितं कोण?"

मोजणीकाकांनी बशीकडे बघितलं. अप्पांनी बिस्किटाकडे.

"म्हणजे विचारणारे तुम्ही आणि सांगणारेही तुम्हीच," माई म्हणाल्या. "मग बरंच सोपं झालं की. काय लिहिलंत?"

"तसं अजून कच्चंच आहे."

"कच्चं म्हणजे काय?"

"हे खरे नाही," अप्पा बिस्किटाला म्हणाले.

माई चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. चिडलेल्या माणसाला अप्पांकडे सव्वीस वर्षांची उत्तरं तयार होती. पण माईंनी कप त्यांच्यासमोर ठेवला आणि विचारलं, "कुठलं खरं नाही? थांबा नाही हे, की मी चालते हे?"

मोजणीकाकांना अचानक वर काहीतरी काम आठवलं.

"उद्या ऑफिसला उशिरा जा," माई म्हणाल्या. "माझ्याबरोबर थांब्यापर्यंत चला. मग लिहा काय ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा कालचाच शर्ट अंगात घालून, माईंची शिवणाच्या कापडांची पिशवी घेऊन त्यांच्याबरोबर निघाले. पिशवी एवढी जड असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांनी पावलं मोजायला सुरुवात केली, कारण निघताना मोजणीकाकांनी जिन्यातून तसं बजावलं होतं. शंभराव्या पावलाला माई पुस्तकांच्या दुकानाच्या पायरीवर टेकल्या. दुकानदाराने काही न विचारता पाण्याचा पेला पुढे केला. अडीचशेव्या पावलावर टायरवाल्याने त्यांना लांबूनच बघितलं, आतून एक स्टूल आणलं, फडक्याने पुसलं आणि बाहेर मांडलं. माई बसल्या. टायरवाल्याने अप्पांकडे बघून विचारलं, "हे कोण, ताई? पाहुणे?"

"आमचे हे," माई म्हणाल्या.

"अस्सं! दोन वर्षांत कधी दिसले नाहीत, म्हणून विचारलं."

चौकात रस्ता ओलांडताना एका रिक्षावाल्याने हात दाखवून मागच्या गाड्या थांबवल्या. तोही माईंना ओळखत होता. शाळेच्या फाटकाशी पोचेपर्यंत सहाशे बेचाळीस पावलं झाली आणि दोन विसावे झाले. बस समोरूनच निघून गेली होती. माई फाटकाच्या कठड्याला टेकून पुढच्या बसची वाट बघत राहिल्या. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर तक्रार नव्हती. अप्पांना वाटलं, आपण आजवर उत्तरं पुष्कळ दिली, पण या रस्त्यावरचा एक टायरवालासुद्धा आपल्यापेक्षा जास्त माहितगार आहे.

"रोजच असं?" त्यांनी विचारलं.

"रोज कुठे. आठवड्यातून तीनदा," माई म्हणाल्या. बस आली आणि अप्पांच्या हातातली पिशवी घेऊन त्या दांड्याला धरत चढल्या.

अप्पा ऑफिसला गेले. आपल्या पिशवीतला मसुदा काढला, फाडला, आणि दुसरा कागद घेतला. त्यावर त्यांनी लिहिलं, 'होय, हे खरे आहे.' आणि चार शब्दांनंतर हात थांबला, कारण पुढे काय लिहायचं असतं ते त्यांना माहीतच नव्हतं.

मॅडमनी कागद वाचला. उलटा केला. परत सुलटा केला.

"अप्पासाहेब, तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे, मॅडम."

"होय? नुसतं होय? 'अंशतः'सुद्धा नाही?"

"खांब अंशतः टेकलेला नाही, मॅडम. पूर्ण टेकलाय."

"आगाराचा अहवाल तर उलटा आहे. तुम्हाला कसं माहीत?"

"मी गेलो होतो."

"कुठल्या अधिकारात?"

"नवऱ्याच्या," अप्पा म्हणाले. आणि मग, एकदा दार उघडलंच आहे म्हणून, त्यांनी सगळं सांगून टाकलं. पत्रं, मोजणीकाका, मसुदा, शर्ट, मोजलेली पावलं. नोकरीची चार वर्षं उरली होती. ती जातील की राहतील याचा हिशोब ते मनातल्या मनात करत उभे राहिले.

मॅडमनी बराच वेळ फोटोकडे आणि मग अप्पांच्या खिशाकडे बघितलं. ओठ घट्ट मिटून त्या म्हणाल्या, "प्रश्न कोणी लिहिला, ते मला नीट ऐकू आलं नाही. बाहेर फार आवाज आहे." बाहेर एक पंखा कुरकुरत होता, बाकी काही नाही. "उत्तर मात्र मी वाचलंय." आणि त्यांनी श्वास रोखून सही केली.

ते 'होय' नंतर वर कसं गेलं, हे आजही खात्यात कोणाला नीट सांगता येत नाही. उपसचिवांना वाटलं, मॅडमनी सही केली म्हणजे वरून सूचना असणार. सचिवांना वाटलं, खालून आलंय म्हणजे काहीतरी डावपेच असणार. आणि मंत्र्यांना सचिवांनी सांगितलं की, यात फार खोल विचार आहे. मंत्र्यांनी मान हलवली. खोल विचाराला ते आडकाठी करत नसत.

गुरुवारी अप्पा अधिकाऱ्यांच्या कक्षात बसले होते. मांडीवर चौदा चिठ्ठ्या. आमदारांनी उपप्रश्न विचारला की ज्या पुढे सरकवायच्या, त्या. तिसरा प्रश्न पुकारला गेला. मंत्री उठले.

"अध्यक्ष महाराज, होय, हे खरे आहे."

सभागृहात नेहमीचा गलका चालू होता. तो हळूहळू, पंखा बंद करावा तसा, मंदावला. मागच्या बाकावर एक सन्माननीय सदस्य झोपले होते, ते शांततेने दचकून जागे झाले.

आमदार आधीच उभे होते. 'हे खरे नाही' आल्यावर काय करायचं याची त्यांची जय्यत तयारी होती. फोटो होते, आवाज तापवलेला होता, हात वर गेलेला होता. तो हात तसाच राहिला.

"अध्यक्ष महाराज, म्हणजे... मंत्री महोदयांना म्हणायचंय की, खरं आहे?"

"होय."

"पूर्ण?"

"होय."

आमदारांनी हातातले कागद चाळले. कुठल्याच कागदावर पुढचं वाक्य नव्हतं. शेवटी, रस्त्यात भेटलेल्या शेजाऱ्याला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "मग बसवणार कधी?"

मंत्र्यांनी कक्षाकडे बघितलं. अप्पांनी चौदा चिठ्ठ्या चाळल्या. 'कधी'ची चिठ्ठी नव्हती. सव्वीस वर्षांत गाडी तिथवर पोचलीच नव्हती! मॅडम शेजारून कुजबुजल्या, "लिहा काहीतरी." अप्पांनी चिठ्ठीच्या पाठीवर लिहिलं, 'आठ दिवसांत'. चिठ्ठी गेली. मंत्र्यांनी वाचलं, "आठ दिवसांत."

आणि बाकं वाजली. दोन्ही बाजूंची. मंत्र्यांच्या कारकिर्दीत हे प्रथमच घडत होतं. त्यांचा चेहरा खुलला. लगेच दुसरे सदस्य उठले: माझ्याही भागातला थांबा गेलाय, हे खरे आहे काय? मंत्री म्हणाले, होय. तिसरे उठले. होय. चौथ्यांनी पूल विचारला. अध्यक्षांनी तो मूळ प्रश्नाशी संबंधित नाही म्हणून नाकारला, तर मंत्र्यांना वाईट वाटलं. वेळ संपली तेव्हा एकेचाळीस थांब्यांची आश्वासनं सभागृहाच्या नोंदीत गेली होती. आणि आश्वासनांचा पाठपुरावा प्रश्नोत्तर शाखेकडे असतो.

आठव्या दिवशी दुपारी तीन माणसं येऊन इमारतीसमोर नवा खांब रोवून गेली. मोजणीकाकांनी ओळंबा लावून तो सरळ असल्याची खात्री केली. जुना खांब त्या माणसांनी नेला नाही, कारण कागदोपत्री तो आधीच उभा होता.

पुढच्या सकाळी सगळी मंडळी थांब्यावर. माई पिशवी घेऊन. सत्तावीस नंबर आली आणि सुसाट निघून गेली. वीस मिनिटांनी दुसरी दिसली, तेव्हा अप्पांनी आयुष्यात प्रथमच फुटपाथ सोडला, रस्त्यात उतरले आणि छत्री आडवी धरली. बस कचकचून थांबली.

"काय हो आजोबा, जीव नकोसा झालाय का?" ड्रायव्हर ओरडला.

'आजोबा' हा शब्द अप्पांनी गिळला. "इथे थांबा आहे."

"मला कागद आलेला नाही."

कागदाचं नाव काढल्यावर अप्पांच्या पाठीचा कणा ताठ झाला. त्यांनी खिशातून सभागृहाच्या कामकाजाची प्रत काढली आणि भर रस्त्यात, मागे पाच गाड्या हॉर्न वाजवत असताना, स्पष्ट आवाजात पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. ड्रायव्हरने तिसऱ्या ओळीपर्यंत ऐकलं.

"पुरे, पुरे! चढा कोण चढताय ते."

माई चढल्या. त्यांना खिडकीजवळ जागा मिळाली. बस हलताना त्यांनी बाहेर बघितलं आणि हात वर केला. संसाराला एकतीस वर्षं झाली होती, पण खिडकीतून हात दाखवून निरोप घेण्याची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. अप्पांनी छत्री वर केली.

ऑफिसात टेबलावर एकेचाळीस फाइली आल्या होत्या. सगळ्यात वरच्या फाइलीत आगाराचा अहवाल होता: 'सदर थांबा अस्तित्वात आहे. छायाचित्र सोबत जोडले आहे.' फोटोत खांब होता, आणि खांबामागे तोच जाडा माणूस. अप्पांनी कोरा कागद ओढला, पेन उघडलं, थोडा वेळ बसले. मग पेन बंद केलं, छत्री उचलली आणि निघाले.

"अप्पासाहेब, कुठे?" मॅडमनी आतून विचारलं.

"जरा चालून येतो. बघतो हा कुठे आहे ते."

"थांबा," मॅडम म्हणाल्या.

अप्पा थांबले. आता ओरडा बसणार, असं त्यांना वाटलं. मॅडमनी टेबलाखाली वाकून काहीतरी शोधलं. मग त्यांनी उंच टाचांच्या चपला बाजूला सारल्या, सपाट चपला पायात घातल्या आणि पर्स खांद्याला अडकवली.

"चला," त्या म्हणाल्या. "पावलं मी मोजते."